आंबा संघाचं संगणकीकरण: करारापूर्वी बिझनेस अ‍ॅनालिस्टने नेमकं काय करायचं?

पावस_बागायत

मंडळी, रत्नागिरी तालुक्यातल्या एका आंबा उत्पादक संघाच्या संचालक मंडळासाठी हा धागा काढतोय. संघाचं काम असं. तीन केंद्रांवर बागायतदारांचा माल येतो, प्रतवारी होते, पेट्या भरतात. काही माल वाशीला, काही थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना, थोडा निर्यातदाराला आणि उरलेला कॅनिंगला जातो. आवक पावती, प्रतवारीचा तक्ता, गाडीची यादी आणि शेवटी बागायतदाराची पट्टी (विक्रीतून खर्च वजा करून त्याला मिळणारा हिशेब) हे सगळं आज कागदावर आणि दोन-तीन एक्सेल फायलींत चालतं.

एका सॉफ्टवेअर कंपनीचा प्रस्ताव आला आहे. त्यात स्क्रीनची लांबलचक यादी आहे, किंमत आहे, मुदत आहे. मंडळातल्या एका संचालिकाताईंचं म्हणणं, करारावर सही करण्याआधी संघाची गरज समजून ती नेमकी लिहून देणारा स्वतंत्र बिझनेस अ‍ॅनालिस्ट घ्यावा. बाकीच्यांचा प्रश्न सरळ आहे: तो माणूस करणार काय, त्याच्याकडून लेखी काय घ्यायचं, आणि तंत्रज्ञान बदलताना पुढारपण त्यानं करायचं की चेअरमननी? जाणकारांनी कामाचं लिहावं ही विनंती.

वाशिष्ठी

स्क्रीनची यादी आत्ता बाजूला ठेवा. अ‍ॅनालिस्टकडून सगळ्यात आधी गरजेचं एक पान घ्या. त्यात सॉफ्टवेअरचा उल्लेखसुद्धा नको. कोणाला काय त्रास होतो, तो आज किती आहे, कितीवर आला म्हणजे चालेल आणि हे कोण ठरवणार, एवढंच.

उदाहरणार्थ "पट्टी उशिरा मिळते" ही तक्रार. मागच्या हंगामातल्या वीस पट्ट्या काढा. पाच सुरुवातीच्या, दहा ऐन एप्रिल-मेमधल्या, पाच शेवटच्या. प्रत्येकीवर सहा तारखा लिहा: माल केंद्रावर आला, गाडी सुटली, माल विकला गेला, विक्रीचा हिशेब संघात पोचला, पट्टी तयार झाली, पैसे खात्यात जमा झाले. मग लागोपाठच्या तारखांमधलं अंतर मांडा. बहुतेक वेळा दिवस लिहिण्या-मांडण्यात जात नाहीत, थांबण्यात जातात. समजा सह्या फक्त सोमवारी आणि शुक्रवारी होत असतील, तर मंगळवारी तयार झालेली पट्टी तीन दिवस टेबलावर पडून राहणार. नवी प्रणाली पट्टी पाच मिनिटांत काढेल, तरी पैसे शुक्रवारीच.

ही गोष्ट चेअरमनसमोर आकड्यांसकट ठेवायची आणि "सहीचे दिवस वाढवायचे की एका ठराविक रकमेपर्यंत सहीचा अधिकार व्यवस्थापकाला द्यायचा" हा प्रश्न विचारायचा. अ‍ॅनालिस्टकडे खुर्ची नसते, हुकूम नसतो. निर्णय ज्याचा आहे त्याच्यापुढे तो योग्य वेळी, पर्याय आणि किंमत लिहून नेणं एवढं त्याच्या हातात असतं, आणि तेवढं नीट केलं तर पुष्कळ होतं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. बदल जाहीर चेअरमननी करायचा, कारण अधिकार त्यांचा. काय बदलायचं आणि का, हे त्यांच्या हातात नेमकेपणानं देण्याची जबाबदारी अ‍ॅनालिस्टची.

देवगड_हापूस

वाशिष्ठींशी सहमत. मी प्रत्यक्ष मालाच्या बाजूनं लिहितो, कारण आंब्याच्या प्रणाली अडतात त्या मोजमापावर.

बागायतदार डझनात बोलतो, कॅनिंगवाला किलोत, निर्यातदार एका फळाच्या ग्रॅममध्ये. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात आकारगट आहेत: २०० ते ३५० ग्रॅम, ३५१ ते ५५०, ५५१ ते ८००. आपल्या पेटीचे गट मात्र पेटीत किती डझन बसले यावर. आवक पावतीवर क्रेट आणि किलो, प्रतवारीनंतर डझन, पट्टीत पेटी आणि दर, असा एकाच मालाचा प्रवास तीन मापांतून होतो. प्रोग्रॅमर विचारतो, "एका डझनाचे किलो किती धरू?" आणि कोणीतरी सरासरी सांगून टाकतं. ती सरासरी चुकली की हंगामाच्या शेवटी साठ्यात शेकडो किलो माल कागदावर जास्त दिसतो किंवा नाहीसा होतो. अ‍ॅनालिस्टनं इथं ठाम लिहून घ्यायला हवं की रूपांतर कुठंही करायचं नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा आणि त्याचं माप दोन्ही साठवायचं, फरकाला वेगळा रकाना.

दुसरी गोष्ट लॉट. साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष, बाहेरून दिसत नाही. फळ पिकून गिऱ्हाइकानं कापलं की कळतं, म्हणजे तक्रार येते तोवर माल केंद्रावरून जाऊन आठ-दहा दिवस झालेले असतात. ती तक्रार कुठल्या बागेच्या कुठल्या तोडणीची हे सापडायचं असेल तर लॉट म्हणजे "बाग आणि तोडणीची तारीख" अशी व्याख्या लागते. पण प्रतवारीच्या टेबलावर दोन बागांचे क्रेट एकत्र ओतले की पुढचा कितीही चांगला क्यूआर कोड खोटं बोलतो. टेबल प्रत्येक लॉटनंतर मोकळं करायचं तर वेळ जातो. चार क्रेट आणणाऱ्या लहान बागायतदारासाठी तेवढा वेळ परवडतो का? की एका वाडीतले लहान बागायतदार मिळून एक गट-लॉट करायचा आणि तक्रारीची जबाबदारी गटानं वाटून घ्यायची? हा प्रश्न संगणकाचा नाही, मंडळाचा आहे. करारापूर्वी सुटला नाही तर प्रोग्रॅमर त्याला सोपं वाटेल ते करून मोकळा होईल.

आवक पावतीवर आणखी दोन रकाने मागून घ्या. एक पक्वतेचा (पूर्ण तयार फळ सोळा आणे धरलं तर चौदा आणे की त्याहून कमी, कारण लांब जाणारा माल वेगळा निघतो) आणि दुसरा देठाचा. झेल्यानं (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीनं) देठासकट काढलेलं फळ आणि चीक ओघळलेलं फळ यांचा दर पुढं वेगळा लागतो. पावतीवर त्याची नोंद नसली की वाद होतो तो प्रतवारी करणाऱ्या बायकांशी.

करूळघाट

एक शंका. हे सगळं सॉफ्टवेअर कंपनीचा सल्लागार फुकटात विचारतोच की. वेगळा पगार कशाला?

वाशिष्ठी

विचारतो, पण त्याच्या उत्पादनात जे बसतं तेवढंच. त्याचं काम त्याचं उत्पादन लवकर उभं करणं, आणि ते तो प्रामाणिकपणे करतो. "तुमच्या कामाला हे उत्पादन बसत नाही" हे वाक्य त्याच्याकडून येणार नाही. ते सांगणारा माणूस संघाच्या बाजूचा हवा.

तयार हिशेबाचं पॅकेज घेऊन फक्त जमाखर्च आणि जीएसटी करायचं असेल तर स्वतंत्र अ‍ॅनालिस्ट नको, चांगला अकाउंटंट पुरे. इथं आवक, प्रतवारी, लॉट, निर्यात आणि पट्टी एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून गरज. तरी पूर्णवेळ बाहेरचा माणूस घेण्यापेक्षा आठवड्याला दोन दिवस येणारा अनुभवी अ‍ॅनालिस्ट आणि त्याच्या जोडीला संघातला एक जाणता कारकून ही जोडी जास्त टिकते. अ‍ॅनालिस्ट निघून जातो. पट्टीतली ही वजावट कुठून आली हे दोन वर्षांनी सांगणारा कारकून असतो.

प्रमाणपत्र विचारा, पण त्यावर थांबू नका. या क्षेत्रातली मोठी संस्था आयआयबीए, कॅनडातली, २००३ सालची. तिच्या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिच्या सीबीएपी या प्रमाणपत्राला ७,५०० तासांचा अनुभव लागतो, म्हणजे माणूस नवखा नसतो हे नक्की. पण मुलाखतीत त्याला एक जुनी पट्टी हातात द्या आणि म्हणा, यावर प्रश्न विचारा. जो लगेच स्क्रीन काढायला लागतो त्याला घेऊ नका. जो विचारतो, "हा दर ठरला कधी, कोणी ठरवला, आणि माल सडला असता तर हा आकडा काय झाला असता?" त्याला घ्या.

फेरफार

कागदपत्रांची बाजू. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचं. वारस फेरफार झालेला नसतो, सामाईक जमीन, त्यातली कलमं एकाची. शिवाय बाग कराराने घेणारे वेगळे. म्हणजे जमीन एकाची, त्या वर्षीचं फळ दुसऱ्याचं आणि टेम्पोतून माल आणणारा तिसराच. कंपनीच्या प्रस्तावात बहुधा "शेतकरी" नावाची एकच नोंद असेल. ती पहिल्याच आठवड्यात फुटते.

माणूस, बाग आणि हक्क या तीन वेगळ्या नोंदी करा. हक्काच्या नोंदीत कोणाचा कुठल्या बागेवर काय हक्क (मालक, करारदार, माल आणणारा) आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. पैसे कोणाच्या खात्यात हे हक्कावरून ठरलं पाहिजे, टेम्पो कोणी आणला यावरून नाही. निर्यातीसाठी हे आणखी कडक होतं. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या मँगोनेट या संकेतस्थळावर बाग नोंदवावी लागते, नोंदणी कृषी विभागामार्फत होते आणि निर्यातीच्या लॉटला तो क्रमांक चिकटतो. करारदाराची बाग मालकाच्या नावावर नोंदलेली असेल तर माल निघायच्या दिवशी शोधाशोध नको, म्हणून नोंदणीची मुदत संपण्याआधीच प्रणालीनं सांगावं. हापूसच्या भौगोलिक मानांकनाचंही तसंच. मानांकन २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण चिन्ह वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच. पेटीवर ते छापताना प्रणालीनं बागायतदाराचा वापरकर्ता क्रमांक तपासलाच पाहिजे.

चाचणीसाठी या चार केसेस अ‍ॅनालिस्टनं लिहून ठेवाव्यात. एकाच वाडीत एकाच नावाचे दोन बागायतदार. हंगामाच्या मध्येच करार मोडून बाग मालकाकडे परत आली. सातबाऱ्यावरचे गृहस्थ वारले आहेत, फेरफार बाकी आहे, माल मुलगा आणतोय. पती मुंबईला, बाग आणि व्यवहार पत्नी बघते पण खातं पतीचं. चारही केसेस आपल्याकडे दर हंगामात येतात, त्यांना अपवाद समजू नका.

सुरंगी

फेरफार यांच्या मुद्द्याला जोडून, जुनी यादी नव्या प्रणालीत नेण्याबद्दल. हे काम सगळे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या एक्सेलमध्ये नावं बहुतेक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्या फायली युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि "ऱ्य", "ऱ्ह" ही अक्षरं हमखास बिघडतात, पहिली वेलांटी एक अक्षर पुढं-मागं सरकते. म्हणजे "कुर्धे" गावातला माणूस शोधताना सापडणारच नाही. काही नावं इंग्रजीत असतात, तिथं डब्ल्यूनं लिहिलेला सावंत आणि व्हीनं लिहिलेला सावंत दोन माणसं होतात. आपोआप जुळवणाऱ्या साधनानं संशयित जोड्या काढाव्यात, पण दोन नोंदी एक करायचा निर्णय केंद्रावरच्या माणसानं घ्यायचा, कारण एकाच नावाचे खरोखरचे दोन सावंत असतात.

मोबाइल नंबर ही ओळख धरू नका. एका घरात एकच नंबर असतो, तो बदलतो, मुंबईच्या मुलाचा दिलेला असतो. संघाचा स्वतःचा सभासद क्रमांक द्या आणि शेवटचा अंक पडताळणीचा ठेवा, म्हणजे घाईत एक अंक चुकला तर यंत्र तिथंच अडवेल. आधार क्रमांक साठवायचा मोह टाळा. देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. लागत नाही ती माहिती घेऊच नये.

साफसफाईचा क्रम असा ठेवा. आधी गेल्या दोन हंगामांत माल आणलेल्यांचीच यादी, बाकीचे जुने सभासद नंतर. प्रत्येक केंद्राची यादी छापून त्या केंद्रावर वाचून दाखवणं, दुरुस्ती लाल शाईनं, खाली सही. मग उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आणि येणे-देणे बाकीचे आकडे, तेही प्रत्येकाला लेखी दाखवून. नव्या प्रणालीवर विश्वास बसतो किंवा उडतो तो पहिल्या पट्टीवरच्या "मागील बाकी" या एका ओळीवर.

बंदरवाट

हंगामाचं गणित कोणी मांडलं नाही. कंपनीबरोबरचे करार मार्च-एप्रिलमध्ये होतात आणि सगळं जूनपर्यंत सुरू करू असं ठरतं. हे उलटं आहे. अ‍ॅनालिस्टनं प्रत्यक्ष काम बघायचं ते मार्च ते मे, केंद्रावर उभं राहून, संध्याकाळच्या गर्दीत. बांधणी जून ते ऑक्टोबर. शिकवणं आणि यादीची साफसफाई नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीत पहिला तुरळक माल येतो तेव्हा चाचणी. एप्रिल-मेमध्ये नवी सोय एकही चढवायची नाही, फक्त चूक दुरुस्ती. हे करारात लिहा.

गर्दीचा हिशेब करून ठेवा. समजा एका काट्यावर तीन तासांत साठ बागायतदार येतात. म्हणजे एकाला तीन मिनिटं. वजनाला दोन मिनिटं जात असतील तर पावतीला एकच उरतं. नव्या पावतीत आठ रकाने भरायला दोन मिनिटं लागली तर एकाला चार मिनिटं, साठ जणांना चार तास, आणि गाडी तासभर उशिरा सुटते. वाशीला तो तास दरात जातो. म्हणून "प्रणाली वेगवान असावी" असं लिहू नका. "सभासद क्रमांक टाकल्यापासून पावती छापून हातात येईपर्यंत ४० सेकंद, नेट नसताना" असं लिहा आणि घड्याळ लावून तपासा.

नेट नसताना हा भाग महत्त्वाचा. पावती केंद्रावरच्याच यंत्रात तयार झाली पाहिजे आणि रेंज आल्यावर वर गेली पाहिजे. त्यासाठी पावती क्रमांकात केंद्राचा आणि यंत्राचा संकेतांक हवा, नाहीतर दोन केंद्रं एकच नंबर काढतात आणि जुळवताना एक पावती पुसली जाते. थर्मल कागदावरची पावती उन्हात आणि दमट हवेत पुसट होते. बागायतदार ती पट्टी मिळेपर्यंत खिशात ठेवणार, म्हणून डॉट मॅट्रिक्सची कार्बन प्रत बरी.

विजेचं आणि पाण्याचं सांगायलाच नको. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात ऐन हंगामात किनाऱ्याला घासून गेलं आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणमध्ये पूर. सर्व्हर तळमजल्यावर नको, बॅकअप त्याच इमारतीत नको. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नका. दर महिन्याला तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून कालची एक पट्टी जशीच्या तशी निघते का ते बघायचं. अ‍ॅनालिस्टच्या कागदात हे "वीज आणि नेट नसताना तीन दिवस आवक, प्रतवारी आणि गाडीची यादी चालू राहील" अशा एका ओळीत यावं. इन्व्हर्टर किती, बॅटरी किती हे त्यावरून निघतं.

पावस_बागायत

फार उपयोगाचं. पट्टीच्या नियमांबद्दल कोणी उदाहरण देईल का? संघातले सगळे म्हणतात, नियम ठरलेले आहेत, लिहायची गरज नाही.

वाशिष्ठी

तीन माणसांना वेगवेगळं बसवून एकच पट्टी करायला द्या. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी.

बारा पेट्या, दर २,००० रुपये. वाहतूक पेटीला १००, हमाली १५, खोका आणि गवत ९०, संघाचं कमिशन विक्रीवर ५ टक्के. सगळं ठीक असेल तर विक्री २४,०००, वजावट १,२०० अधिक १८० अधिक १,०८० अधिक १,२००, म्हणजे ३,६६०, हातात २०,३४०. इथवर तिघांचं उत्तर एकच येईल.

आता एक पेटी बाजारात खराब निघाली. विक्री २२,०००, कमिशन १,१००. पण वाहतूक, हमाली आणि खोका बारा पेट्यांचा धरायचा की अकरा पेट्यांचा? बाराचा धरला तर हातात १८,४४०. खराब पेटीचा खर्च संघानं सोसला तर १८,६४५. फरक २०५ रुपयांचा. एकाचं उत्तर पहिलं येईल, दुसऱ्याचं दुसरं, तिसरा म्हणेल "कोणाचा माल आहे त्यावर". या तिसऱ्या उत्तराला फार जपायला हवं. त्यामागे कदाचित योग्य कारण असेल, उदाहरणार्थ पेटी वाटेत दबली तर संघ सोसतो आणि आतून साका निघाला तर बागायतदार सोसतो. मग तो नियम तसा लिहा: खराबीचं कारण नोंदवणं सक्तीचं, कारणावरून खर्च कोणाचा ते ठरेल. आणि कारण काहीच नसेल, फक्त ओळख असेल, तर तेही मंडळापुढे बोलायची वेळ हीच.

असा प्रत्येक नियम तीन भागांच्या एका वाक्यात मावतो. अशी स्थिती असताना, असं घडलं की, असं व्हायला हवं. "बारा पेट्यांची गाडी पोचलेली असताना, एक पेटी वाटेत दबल्याची नोंद झाली की, त्या पेटीची वाहतूक, हमाली आणि खोका बागायतदाराच्या पट्टीत येऊ नये." हेच वाक्य बांधणीचं, हेच चाचणीचं, हेच भांडण झालं तर दाखवायचं. पट्टीसाठी अशी तीस-चाळीस वाक्यं निघतील. उचल वसुली आधी की इतर वजावट आधी, रुपया पूर्ण कधी करायचा, उणे पट्टी निघाली तर पुढच्या मालातून कापायची का, हे सगळं त्यात येतं.

देवगड_हापूस

निर्यातीचं एक राहिलं. युरोपला जाणाऱ्या मालाला ४८ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं गरम पाण्याची प्रक्रिया, अमेरिकेसाठी विकिरण. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपनं आपला आंबा थांबवला होता, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यामुळे लॉट आणि प्रक्रियेची नोंद यांची जोडणी पक्की हवी. प्रक्रिया यंत्राचं घड्याळ आणि तुमच्या प्रणालीचं घड्याळ दहा मिनिटांनी वेगळं असलं तर कागदावर फळ प्रक्रियेआधीच भरलेलं दिसतं. दोन्ही घड्याळं रोज जुळवणं हे कोणाचं काम, ते नावासकट लिहा.

सुरंगी

माणसांबद्दल कोणी तरी लिहायला हवं. प्रतवारी करणाऱ्या अनुभवी बाईंचा शब्द आज केंद्रावर शेवटचा असतो. ग्रॅमवर चालणारं यंत्र आलं की तो मान जातो असं त्यांना वाटणार, आणि त्यात काही चूक नाही. त्यांना शेवटी "शिकवायला" बोलावू नका. लॉटचे नियम, डागाची प्रत, फळ नाकारण्याची कारणं ही यादी त्यांच्याकडून करून घ्या, त्यांच्या शब्दांत, आणि स्क्रीनवर तेच शब्द ठेवा. डागी, फुटका, कोवळा, चीक लागलेला. नाकारण्याचं कारण निवडायचा अधिकार त्यांच्याकडेच राहू द्या.

दुसरं, बैठकीत कोणी बोलणार नाही ते. काही बागायतदारांनी वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, म्हणून त्यांचा चांगला माल तिकडे जातो आणि संघाकडे उरलेला येतो. आवकेचा अंदाज सांगणारी स्क्रीन यामुळे चुकतच राहते. अ‍ॅनालिस्टनं हे एकेकट्याशी बोलून समजून घ्यावं, पण प्रणालीत नाव घालून नोंदवू नये. अंदाजासाठी "संघाला किती टक्के माल देणार" एवढा एकच आकडा बागायतदाराकडून, त्याच्या इच्छेनं, पुरतो.

करूळघाट

शंका फिटली. पण निर्णय मंडळानं घेतलेच नाहीत तर अ‍ॅनालिस्ट काय करणार? आपल्याकडे विषय पुढच्या सभेवर जातो.

वाशिष्ठी

त्यासाठी निर्णय नोंदवही. एका प्रश्नाला एक ओळ: प्रश्न, पर्याय, प्रत्येकाची किंमत, ठरवणारी व्यक्ती (एकच नाव, "मंडळ" असं नाही), शेवटची तारीख आणि ठरलं नाही तर काय अडेल. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. "लॉट बागेचा की गटाचा? ठरवणार: प्रतवारी समितीचे प्रमुख. मुदत: १५ जून. न ठरल्यास: आवक पावतीचं काम थांबेल आणि फेब्रुवारीची चाचणी एका केंद्रापुरती राहील." असं लिहिलं की विषय पुढच्या सभेवर ढकलताना काय सोडतोय ते सगळ्यांना दिसतं.

करारात आणखी एक कलम घाला. न ठरलेल्या प्रश्नावर कंपनीनं स्वतःच्या मनानं काही बसवायचं नाही, तो भाग थांबवायचा. त्यानं मुदत वाढेल, पण हंगामात उकलत बसण्यापेक्षा ते परवडतं. नोंदवही अ‍ॅनालिस्टनं लिहायची आणि प्रत्येक सभेत पहिला विषय म्हणून चेअरमननी वाचायची.

बंदरवाट

चाचणीचं सांगतो. फेब्रुवारीत एकच केंद्र घ्या, दहा दिवस कागद आणि यंत्र दोन्ही. रोज रात्री तीन आकडे जुळवा: पावत्यांची संख्या, एकूण क्रेट, एकूण किलो. फरक आला तर त्याच रात्री कारण लिहायचं. लागोपाठ पाच दिवस फरक शून्य आला की दुसरं केंद्र. दहाव्या दिवसानंतर त्या केंद्रावर कागद बंद. ही तारीख चेअरमननी सही करून फलकावर लावायची. कागद "असू दे बाजूला" म्हणून चालू ठेवला तर एप्रिलच्या गर्दीत माणसं फक्त कागदच लिहितात आणि यंत्रातली नोंद दुसऱ्या दिवशी सवडीनं भरली जाते, मग लॉटचं सगळं काम वाया. छापील कोरी पावतीपुस्तकं सीलबंद पाकिटात ठेवा, यंत्र पूर्ण बंद पडलं तरच फोडायची, फोडणाऱ्याची सही आणि वेळ पाकिटावर.

सुरंगी

पैशाचे हप्ते चाचणीला बांधा. बऱ्याच करारांत बहुतेक रक्कम "बसवून दिल्यावर" द्यायची असते. त्याऐवजी २० टक्के गरजांचा कागद दोन्ही बाजूंनी सही झाल्यावर, ३० टक्के पट्टीची सगळी नियमवाक्यं चाचणीत उतरल्यावर, ३० टक्के तिन्ही केंद्रांवर कागद बंद झाल्यावर, आणि उरलेले २० टक्के पूर्ण हंगामाच्या शेवटच्या पट्ट्या निघून ताळा जुळल्यावर. तेव्हाच वाशिष्ठींनी सांगितलेल्या वीस पट्ट्यांच्या सहा तारखा नव्या हंगामाच्या काढा आणि जुन्यांशेजारी मांडा.

फेरफार

आणि करार संपल्यावर संघाचा सगळा डेटा युनिकोडमध्ये, साध्या सीएसव्ही फायलींत, रकान्यांच्या अर्थासह, जादा पैसे न घेता परत देण्याचं कलम. हंगाम संपल्यावर दरवर्षी एकदा तो मागून घ्या आणि संघातल्या कारकुनाकडून उघडून बघा, नावं आणि बाकी दोन्ही नीट दिसतायत ना.